वानखेडेवर कोण कोणाला ओरडतं

इंग्लंडचा जो रूट बॅटिंगला उतरला की टीव्हीवर एक लांबलचक ‘ऊऽऽऽ’ ऐकू येतो. आमच्या सासूबाई दर वेळी विचारतात, "ह्या पोराने यांचं काय घोडं मारलंय?" काहीच मारलेलं नाही. लोक कौतुकाने त्याचं आडनाव घेतात. ‘रूऽऽऽट’ मधला र सुरुवातीलाच विरतो, ट कोणाच्या कानापर्यंत पोचत नाही, आणि उरतो तो नेमका हुर्यो उडवल्यासारखा ऊ. रूट त्याची पहिली टेस्ट 2012 मध्ये नागपूरला खेळला, तेव्हा आपल्याकडे कोणाला हे आडनाव ताणायचं सुचलं नाही. नाहीतर सासूबाईंना तेव्हाच कोडं पडलं असतं.

मी गोरेगावात डबिंग-मिक्सिंगच्या स्टुडिओत साउंडवर काम करते, त्यामुळे ही गंमत मला जरा जास्तच दिसते. माणसाच्या आवाजात जोर असतो तो स्वरांचा. स, ट, थ, च ही पातळ, वरच्या पट्टीतली व्यंजनं. अंतर वाढलं की आधी तीच गळतात. त्यात वानखेडेसारखं तेहतीस हजारांचं स्टेडियम. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे समोरच्या स्टँडमधली आरोळी आपल्यापर्यंत यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागतो. तोवर इकडचे पुढच्या शब्दावर गेलेले असतात. शब्दावर शब्द चढतो आणि बाउंड्रीजवळच्या माइकमध्ये नुसता गोंगाट पडतो. म्हणून ज्या घोषणा टिकतात त्या तोकड्या असतात आणि त्यांच्यात टाळ्या असतात. ‘सचिऽऽन, सचिन’ झाल्यावरच्या त्या टाळ्यांवर मला फार जीव आहे. भरकटलेलं अख्खं मैदान त्या टाळ्या पुन्हा एका ठेक्यावर आणून उभं करतात.

गोंगाट किती असू शकतो? 2 एप्रिल 2011, वर्ल्ड कप फायनल. टॉसला श्रीलंकेच्या संगकाराने काय मागितलं ते मॅच रेफ्रींना ऐकूच आलं नाही आणि नाणं दुसऱ्यांदा उडवावं लागलं. हाताच्या अंतरावर उभ्या माणसाचा शब्द जिथे हरवतो, तिथे परदेशात टीव्हीपुढे बसलेल्याने आमच्या घोषणांचा अर्थ लावायचा म्हणजे बघा.

आणि तरी लोक लावतातच. 2009 चा कॉन्फेडरेशन्स कप दक्षिण आफ्रिकेत होता. त्यांच्या फुटबॉल टीममध्ये मॅथ्यू बूथ नावाचा उंच डिफेंडर, अकरांत एकटा गोरा. त्याच्या पायात बॉल आला की अख्खं स्टेडियम ‘बूऽऽऽथ’ करायचं. बाहेरून आलेल्या काही पत्रकारांनी अर्थ लावला की काळे प्रेक्षक एकुलत्या एका गोऱ्या खेळाडूची हुर्यो उडवतायत. प्रत्यक्षात तो त्यांचा लाडका होता. मला वाटतं, त्या पत्रकारांच्या डोक्यात बातमी आधीच तयार होती, आवाज फक्त तिच्यात बसवला गेला. आमच्या धंद्यात आम्ही रोज हेच करतो, पण आम्हाला निदान त्याचे पैसे मिळतात.

पण सगळा दोष कानाचा नाही. शब्द स्वच्छ ऐकू आले तरी घोटाळा होतोच.

14 नोव्हेंबर 2013. सचिनची दोनशेवी आणि शेवटची टेस्ट, समोर वेस्ट इंडिज. माझ्या मावसभावाला क्लबातून पास मिळाले होते. शिखर धवन आणि मुरली विजय ओपनिंगला, दोघंही बरे खेळत होते. शिलिंगफोर्डच्या एका ओव्हरमध्ये धवन गेला. पुजारा आत आला. आता चौथा नंबर कोणाचा, हे स्टँडमधल्या शेंगदाणेवाल्यालाही माहीत होतं. त्याच ओव्हरमध्ये विजयचा कॅच उडाला, सॅमीने तो घेतला, आणि भारताच्या दोन बाद 77 वर वानखेडेने असा काही जल्लोष केला की जणू आपणच विकेट काढली. माझ्या पुढच्या रांगेतले एक काका खुर्चीवर चढून नाचत होते. विजय बॅट काखेत मारून परत येत होता. त्याच्याकडे एकजण बघत नव्हता, सगळ्या माना पॅव्हेलियनच्या जिन्याकडे. वेस्ट इंडिजवाले दोन रांगा करून उभे राहिले, त्यांच्या मधून सचिन आला. त्या क्षणी कोणी परक्या देशातून येऊन नुसता आवाज टेप केला असता, तर हे लोक वेस्ट इंडिजचे पाठीराखे आहेत असंच लिहून ठेवलं असतं. त्या टेस्टमध्ये पुजाराने शतक केलं, रोहित शर्मानेही केलं, पण आज विचारा कोणाला, आठवतात ते सचिनचे 74.

आता त्याच रोहितची गोष्ट. आमचे भावोजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, कोल्हापूरचे. फुटबॉलवेडं माणूस. शाहू स्टेडियमवर पेठेच्या टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडणारे, त्यामुळे गर्दीचं त्यांना नवल नाही. ते 1 एप्रिल 2024 ला आमच्याबरोबर वानखेडेवर होते. आयपीएलमधली मुंबई विरुद्ध राजस्थान. डिसेंबरात रोहितकडची कॅप्टनशिप काढून गुजरातहून परत आणलेल्या हार्दिक पांड्याला दिली होती, आणि वानखेडेवरचा हा त्याचा मुंबईचा कॅप्टन म्हणून पहिलाच सामना. टॉसला हुर्यो सुरू झाली. संजय मांजरेकरांनी माइकवरून टाळ्या मागितल्या, थांबेनात म्हटल्यावर नीट वागा म्हणून सुनावलं. मांजरेकर स्वतः मुंबईचे, पण त्या दिवशी त्यांचं कोण ऐकतंय!

"ताई, हे काय ओ? आपल्याच कॅप्टनला?" भावोजी हैराण. "आमच्यात असं केलं तर दुसऱ्या दिवशी पेठेत फिरू देत न्हाईत."

पहिल्याच ओव्हरमध्ये रोहित पहिल्या बॉलला गेला. शून्य. आणि तरी आमच्या मागून सुरू, "मुंबईचा राजा!" "रोहित शर्मा!" भावोजींना वाटलं, हे आता टोमणे मारतायत. शून्यावर गेलेल्या माणसाला राजा म्हणतायत म्हणजे दुसरं काय असणार? नंतर त्यांना वाटलं, ही हार्दिकला डिवचण्यासाठीची घोषणा. हे थोडं खरं होतं. पण मी परळची. ‘मुंबईचा राजा’ म्हटलं की मला आधी गणेश गल्ली दिसते. लालबागच्या ज्या मंडळाचा गणपती 1928 पासून बसतो आणि ज्याला गिरणगाव हे नाव देऊन बसलंय, त्याची ती आरोळी. एकाने अर्धी द्यायची, हजारांनी पुरी करायची. विसर्जनाच्या मिरवणुकीत वाढलेल्या पोरांना ती कोणी शिकवावी लागत नाही, बाप्पाच्या जागी रोहित घातला की झालं. त्या घोषणेत रन्सचा हिशोब नाहीच. गणपतीला काय कोणी ॲव्हरेज विचारतं? म्हणून तर शून्यावर गेला तरी ती चालू. मधेच गेम थंडावला की ‘गणपती बाप्पा मोरया’ होतं, आणि मग कोणी वात्रट ‘उंदीरमामा की’ म्हणतो, त्यालाही ‘जय’ मिळतो. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटावं, इथे काही धार्मिक प्रकरण तापलंय. इथे फक्त राजस्थानच्या चार विकेट पडेपर्यंत वेळ काढणं चाललेलं असतं. त्या दिवशी तेवढ्या पडल्या, पण रियान परागने पन्नास ठोकून सामना नेला.

हार्दिकची हुर्यो मला पसंत नव्हती, हे सांगून टाकते. राग निर्णयाचा होता, निर्णय घेणारे काही बाउंड्रीवर फील्डिंगला उभे राहत नाहीत, तो राहतो. शेवटी रोहितनेच बाउंड्रीजवळून हाताने खुणा करून लोकांना पुरे करा म्हटलं. पण भावोजी समजत होते तसा तो द्वेषही नव्हता. वानखेडेने सचिनलाही सोडलेलं नाही. 2006 च्या मार्चमध्ये इंग्लंडविरुद्ध 21 बॉल खेळून 1 रन करून परतताना काही लोकांनी त्याचीच हुर्यो उडवली होती. सचिनची! तेव्हाही बाहेरच्यांनी डोक्याला हात लावला होता. आमच्याकडे आई पोराला मारते आणि शेजारीण मधे पडली तर तिला धरते, त्यातला प्रकार.

तीन महिन्यांनी, 4 जुलैला, टी-20 वर्ल्ड कप जिंकून आलेली भारताची टीम मरीन ड्राइव्हवरून वानखेडेवर आली. फायनलची शेवटची ओव्हर हार्दिकने टाकली होती, 16 हवे असताना. भर पावसात तासन्तास ताटकळलेलं तेच पब्लिक ‘हार्दिक, हार्दिक’ करत होतं. भावोजींचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "आता काय झालं ओ तुमच्या लोकांना?" मी हसणारी पिवळी तोंडं पाठवली. कोल्हापूरकराला हे टाइप करून समजावणं माझ्याने होणार नव्हतं.

काही घोषणा तर निव्वळ टाइमपास असतात. 2 नोव्हेंबर 2023 ला वर्ल्ड कपात श्रीलंकेचा वानखेडेवर 55 मध्ये खुर्दा उडाला. शमीने पाच काढल्या. सामन्यात काही उरलं नव्हतं, तेव्हा पब्लिकने सुरू केलं, ‘कोहली को बॉलिंग दो.’ बॉलिंगवर नाराजी? शमीवर? पोट भरल्यावर पानाची आठवण होते, एवढंच. पुढच्या आठवड्यात बेंगळुरूला नेदरलँड्सविरुद्ध त्याला खरंच बॉल मिळाला आणि त्याने विकेटही काढली.

पण खरा गैरसमज व्हायचा तर तो कबड्डीत. माझा भाऊ नायगाव-परळच्या मंडळांतून खेळायचा, मातीवर, हॅलोजनच्या उजेडात. त्या गर्दीचे शब्द कागदावर लिहून काढले तर पोलीस चौकशीला येतील. "मार त्याला!" "एक मेला, एक मेला!" "धर, सोडू नको, पाय ओढ!" "उचल आणि आपट!" आणि या सगळ्यात कोपऱ्यातून एखादी आजी, "अरे दोघं जिवंत झाले ना आपले, घाबरता काय!" आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. चढाईवाल्याने हात लावला आणि तो मध्यरेषेपलीकडे परतला की समोरचा गडी मेला, आणि त्याच्या बदल्यात आपला एक बाहेर बसलेला उठून आत आला की तो जिवंत. सातही गेले की लोण. शिट्टी वाजली की ज्याला आपटलं त्यालाच हात देऊन उठवायचं, अंगावरची माती झटकायची. प्रो कबड्डीच्या दुसऱ्या वर्षी, 2015 मध्ये, यू मुंबाने वरळीच्या डोममध्ये फायनल मारली, तेव्हा लाइट वेगळे, मॅट वेगळी, निवेदक इंग्रजीत बोलणारे. पण माझ्या आसपास परळ-लालबागची मंडळी होती आणि त्यांच्या तोंडी ‘मेला’च होतं.

गेल्या वर्षी एका मालिकेत कबड्डीचा सीन आला. क्राउडसाठी स्टॉकमधला साउंड लावला होता, कुठल्यातरी युरोपातल्या फुटबॉल स्टेडियमचा. कान देऊन ऐकलं तर मधे एकजण इंग्रजीत ‘कम ऑन’ म्हणतोय. मला ते राहवेना. मी रेकॉर्डर घेऊन प्रभादेवीच्या बाजूला एका मंडळाच्या स्पर्धेला गेले, रेषेपासून दोन हातांवर माइक धरून बसले. झक्कास काम झालं. मातीवर पाय घासल्याचा आवाज, चढाईवाल्याचं ‘कबड्डी कबड्डी’ दमत दमत खाली येणारं, आणि पकड लागल्याबरोबर उठलेला ‘मेलाऽऽऽ’. त्यात ल सुद्धा शाबूत. इतक्या जवळून घेतलं तर राहतो.

एपिसोड वरून, चॅनलकडून, पास होऊन यायचा होता. तिथल्या बाईंनी ऐकलं आणि विचारलं, "हे भांडण कुठलं आहे? आणि कोण गेलं?" मी सांगितलं, चढाई, गडी, लोण, सगळं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळतं हो, पण बाकीच्यांना वाटेल खून झाला. सातच्या स्लॉटला नको." मी ‘मेला’ कापून बाकीचं ठेवू का विचारलं. कापलं तर मधे भोक पडत होतं, दर तिसऱ्या सेकंदाला कोणीतरी मरत होतं.

शेवटी स्टॉकच गेला. टीव्हीवर परळचा पोरगा लाल मातीत चढाई करतोय आणि मागे युरोपातलं फुटबॉलचं पब्लिक त्याला ‘कम ऑन’ म्हणतंय. एकाही प्रेक्षकाची तक्रार आली नाही. माझं रेकॉर्डिंग अजून हार्ड डिस्कवर आहे, कोणाला कबड्डीच्या सीनसाठी हवं असेल तर सांगा.