कुडलची सहल: अर्जापासून फळ्यापर्यंत

सातवीच्या वर्गाला हत्तरसंग कुडलला न्यायचं, हे मी जूनमध्येच ठरवलं होतं. आमची बरीच मुलं सोलापूरच्या पूर्व भागातली. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाकडे दख्खनी. "बाई, मराठी शाळेतली भाषा आहे, आमची नाही," असं एका मुलाने मला सरळ सांगितलं होतं आणि ते मला फार लागलं होतं. शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर, भीमा आणि सीना मिळतात तिथे, संगमेश्वराच्या मंदिरात तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा लेख आहे. मराठीतल्या जुन्यात जुन्या लेखांपैकी एक. तो मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, एवढंच मनात होतं.

सहलीच्या परवानगीचा पहिला अर्ज परत आला. शेरा होता, "स्थळ नदीकाठी." दोन दिवस मी नाराज होते. मग वर्गातली 46 डोकी डोळ्यांसमोर आणली आणि शेरा बरोबर आहे हे पटलं. सेवा म्हणून मुलांना घेऊन घाटाची सफाई करायची, असं मी अर्जात लिहिलं होतं. ते काढलं. पाण्याकडे कुणी उतरणार नाही, दर दहा मुलांमागे एक शिक्षक, मुलींसोबत शिक्षिका, असं हमीपत्र जोडलं. पालकांच्या संमतीपत्रांना सर्वांत जास्त वेळ गेला. कारण यंत्रमागावर दिवसपाळी करणारे वडील आणि घरी विड्या वळणारी आई यांना शाळेत बोलावणं म्हणजे त्यांची मजुरी बुडवणं. म्हणून संध्याकाळी आम्हीच घरोघरी गेलो. एसटी प्रासंगिक करारावर मिळाली, शालेय सहलीची सवलतही मिळाली.

जाण्याआधी आठवडाभर फळ्यावर त्या लेखातली एकच ओळ होती: "वाछि तो विजेया होईवा." अर्थ सांगितला नाही. रोज कुणीतरी तर्क लढवायचं. चौथ्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "जो वाचेल तो जिंकेल!" मी मान डोलावली. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाचणाऱ्यासाठी लिहून ठेवलेलं त्यांना वाचता आलं होतं.

मंदिरात मात्र पहिली दहा मिनिटं निराशेत गेली. अक्षरं झिजलेली, उजेड कमी. खडू फासायचा नाही, पाणी मारायचं नाही, हात लावायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. मुलं मान वर करून उभी राहिली आणि दिसेल तेवढं वहीत उतरवू लागली. एकाला एक अक्षर सापडलं, दुसऱ्याला त्याच्या पुढचं. मग कुणी जागचं हलेना. शेजारच्या हरिहरेश्वराच्या मंदिरात बहुमुखी शिवलिंग आहे, त्यावर 359 मुखं आहेत. मुलांनी ती ओळीओळीने मोजायला घेतली, पण प्रत्येकाचा आकडा वेगळा आला.

बाहेर ओट्यावरून नद्या दाखवल्या. आपल्या नळाला येणारं पाणी उजनी धरणातून याच भीमेत सोडतात आणि टाकळीला उपसून शहरात आणतात, असं सांगितलं, तेव्हा चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरांतली ही मुलं गप्प होऊन बघत राहिली.

तेवढ्यात एका कन्नड घरातल्या मुलीने विचारलं, "बाई, कूडु म्हणजे एकत्र येणं ना? मग कुडल म्हणजे संगमच झाला की!" खरंच, कूडल हा कन्नड शब्द. गावाचं नाव कन्नड, दगडावरची ओळ मराठी. हे मी टाचणात लिहिलेलं नव्हतं. सबंध सहलीत मला सर्वांत मोलाचं काय वाटलं असेल, तर हे.

सेवेचा भाग दुपारी झाला. गावातली मुलं आली होती. भाकरी आणि शेंगाचटणी वाटून खाल्ली आणि मग मंदिराच्या आवारातला प्लास्टिकचा कचरा दोन्हीकडच्या मुलांनी मिळून उचलला. पोतं भरलं. पण मला खरी सेवा वाटली ती पुढची. आमच्या मुलांनी गावातल्या मुलांना तुळईवरची ओळ वाचून दाखवली, आणि त्यांनी आमच्या मुलांना पुराचं पाणी कुठवर चढतं ते बोटाने दाखवलं. घेणारे आणि देणारे असे दोन गट पडलेच नाहीत. कचरा उचलून फोटो काढून निघालो असतो, तर हे घडलं नसतं.

सोमवारी ती मुलगी आजीला विचारून आली. "आजी म्हणते, हत्तिर म्हणजे जवळ. हत्तरसंग म्हणजे संगमाजवळचं का?" मी ते फळ्यावर लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मराठी आपली नाही म्हणणारा मुलगा उठला आणि तेलुगूत जवळ म्हणायला कोणता शब्द आहे, तो त्याने खाली लिहिला.