बुधवारची संध्याकाळ, पडता वारा आणि शिडाच्या होड्या

लंडनमध्ये 21 जूनच्या सुमारास सूर्य रात्री 9 वाजून 20 मिनिटांनी मावळतो. मुंबईत त्याच दिवशी सव्वासातलाच मावळतो, शिवाय पावसाळा लागल्यामुळे होड्या किनाऱ्यावर चढवून झाकलेल्या असतात. त्यामुळे ऑफिस सुटल्यावर आठवड्याच्या मधल्या वारी शर्यतीला उतरायची चैन उत्तरेकडच्या देशांनाच परवडते. लंडनच्या पश्चिमेच्या स्लाउ, हाउन्स्लो भागातल्या मराठी मंडळींना क्वीन मेरी आणि डॅचेट हे जलाशय अगदी हाताशी आहेत. होडी चालवता येते पण शर्यतीत उतरायला बिचकता, अशांसाठी हे लिहितो आहे.

संध्याकाळच्या शर्यतीचा सगळा खेळ वारा पडण्याभोवती फिरतो. ऊन उतरलं की जमीन निवते आणि तिच्यालगतची हवा थंड होऊन बसते. वरचा वारा मग खाली मिसळत नाही. सात वाजता छान वाहणारा वारा साडेआठला निम्मा झालेला असतो. झाडीच्या आडोशाला तर तो आधीच मरतो. झाडांच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत पाणी निस्तेज दिसतं, तिकडे शिरूच नका.

साडेसहाची सुरुवात असेल तर पावणेसहापर्यंत क्लबात पोचा. पहिलं काम, नाव नोंदवण्याच्या कागदावर सही. मग होडी जोडायची. एकट्याच्या आयएलसीए होडीत (जुन्यांच्या तोंडी अजून लेझरच) गडबडीत तीन गोष्टी हमखास राहतात: मागच्या भोकाचं बूच, सुकाणू अडकवून ठेवणारी क्लिप आणि मेनशीटच्या (शीड ओढायच्या दोरीच्या) टोकाची गाठ. बूच राहिलं तर दुसऱ्या फेरीपर्यंत होडी जडशीळ होते आणि कारण लक्षातच येत नाही. क्लिप नीट बसली नसेल तर होडी उलटल्यावर सुकाणू निसटून पडतं.

सुरुवात पाच मिनिटांची असते. पाच मिनिटं असताना वर्गाचा, म्हणजे त्या प्रकारच्या होड्यांचा, झेंडा चढतो. चार असताना ‘पी’ चढतो, निळा, मध्ये पांढरा चौकोन. एक मिनिट उरलं की ‘पी’ उतरतो आणि शून्याला वर्गाचा झेंडा. घड्याळ झेंड्यावर लावायचं, भोंग्यावर नाही. भोंगा वाजला नाही तरी झेंडाच खरा.

या पाच मिनिटांआधी सुरुवातीच्या रेषेवर जाऊन होडी सरळ वाऱ्याच्या तोंडी उभी करा. तिचं नाक रेषेच्या ज्या टोकाकडे जास्त झुकेल ते टोक फायद्याचं. रेषा 100 मीटरची असेल आणि वारा काटकोनापासून 10 अंश सरकलेला असेल, तर एका टोकाचा फायदा सुमारे 17 मीटर, म्हणजे आयएलसीएच्या चार लांब्या. सगळे तिकडेच धावतात हे खरं. गर्दी फार असेल तर तिच्यापासून थोडं दूर, पण मोकळ्या वाऱ्यात निघणं मला नेहमीच जास्त शहाणपणाचं वाटतं. मंद वाऱ्यात दुसऱ्याच्या शिडाखाली अडकलेली होडी लवकर सुटत नाही.

पिनच्या, म्हणजे रेषेच्या टोकावरच्या, बोयामागे (तरंगत्या खुणेमागे) काठावरचं एखादं झाड किंवा खांब हेरून ठेवा, म्हणजे आपण रेषेच्या आत आहोत की बाहेर हे मधून कळतं. शेवटच्या 40 सेकंदांत शीड सैल सोडून थांबा आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला (वारा जातो त्या बाजूला) जागा राखा. हलक्या वाऱ्यात होडीला वेग घ्यायला 10 ते 15 सेकंद लागतात, त्यामुळे शून्याला शीड ओढलंत तर उशीर झालाच.

नियमांचं पुस्तक जाड आहे, पण पहिल्या दिवसाला चार गोष्टी पुरतात. पोर्ट टॅकवरची (वारा डाव्या अंगाने घेणारी) होडी स्टारबोर्डवाल्याला (उजव्या अंगाने घेणाऱ्याला) वाट देते. एकाच टॅकवर शेजारी असाल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाची होडी बाजूला राहते. मागची पुढचीला धक्का देत नाही. बोयापासून होडीच्या तीन लांब्यांच्या आत शिरताना आतल्या बाजूला होडी असेल तर तिला जागा द्यायची. बोयाला घासलात तर होडीची एक पूर्ण गिरकी, दुसऱ्याचा हक्क मोडलात तर दोन. लगेच घ्या, वाद घालत बसू नका.

वारा पडायला लागला की पुढे सरकून बसा, मागचा भाग पाण्यात ओढला जाऊ देऊ नका. होडी किंचित खालच्या अंगाला कलती ठेवा, म्हणजे पाण्याला कमी पृष्ठभाग घासतो आणि शीड आपला आकार धरून राहतं. किकर (शिडाचा खालचा दांडा खाली ओढून धरणारी दोरी) सैल करा. मेनशीट घट्ट ओढण्याचा मोह सर्वात महागात पडतो: शिडाच्या मागच्या कडेच्या रिबिनी आत वळल्या की हवा चिकटेनाशी होते. सुकाणू कमी हलवा, प्रत्येक हिसका ब्रेकच आहे. होडी डुलवून पुढे ढकलणं नियमबाह्य आहे.

शर्यत लावणाऱ्याचं काम याहून कठीण, आणि त्याची कदर फार कमी होते. 15 आयएलसीए असतील तर होड्यांची एकूण लांबी साधारण 63 मीटर, म्हणून रेषा 80 मीटरच्या आसपास हवी. पहिला टप्पा वाऱ्याच्या तोंडीच हवा, नाहीतर सगळ्या होड्या पहिल्या बोयावर एकदम थडकतात. फेरी छोटी ठेवावी, दहा-बारा मिनिटांची. एकच लांबलचक फेरी लावली आणि वारा गेला तर शर्यतच रद्द. छोट्या फेऱ्या असल्या की हव्या त्या फेरीला संपवता येतं.

वेगवेगळ्या होड्या एकत्र धावतात, म्हणून पोर्ट्समथ यार्डस्टिकचा, म्हणजे त्या प्रकारच्या होडीच्या वेगाचा, आकडा लागतो (संथ होडीचा मोठा): वेळ गुणिले 1000, भागिले आकडा. समजा 1100 आकड्याच्या होडीने चार फेऱ्या 44 मिनिटांत, म्हणजे 2640 सेकंदांत केल्या. तिची सुधारित वेळ 2400. आकडा 1375 असलेल्या संथ होडीने तीनच फेऱ्या 2450 सेकंदांत केल्या. आधी चार फेऱ्यांच्या हिशेबाने 3267 सेकंद धरायचे, मग सुधारित वेळ 2376. संथ होडी 24 सेकंदांनी जिंकली. ज्याच्या जितक्या फेऱ्या होतील तितक्यांवर थांबवायच्या या पद्धतीत सगळे थोड्या अंतराने संपतात. मात्र पहिली आणि शेवटची होडी यांत बराच वेळ गेला आणि मध्येच वारा पडला, तर मागे राहिलेल्यावर अन्याय होतो. म्हणून सगळ्यांना शक्य तितक्या जवळच्या वेळेत संपवावं.

अंगात तरंगजाकीट हवंच, आणि मे महिन्यातही वेटसूट, कारण पाणी तेव्हा बोचरं थंड असतं. ऑगस्ट संपता संपता लंडनमध्ये सूर्यास्त आठच्या आधी येतो, म्हणून शर्यतींची मालिका साधारण तेव्हाच आटपती घ्यावी. किनाऱ्यावर आलात की होडी धुण्याआधी कागदावर दुसरी सही करा. ती राहिली, तर सुरक्षा बोटीवरची माणसं तुम्हाला अंधारात पाण्यावर शोधत फिरतात.