उजवीकडची खुर्ची

भाचीने ह्यूस्टनजवळच्या लीग सिटीत घर घेतले आणि ‘मामा, तू येऊन गेल्याशिवाय वास्तुशांत झाली असे मी धरणारच नाही’ असा हट्ट केला, म्हणून ऐन जूनमध्ये मी टेक्सासला गेलो. जूनमधले ह्यूस्टन म्हणजे मे महिन्यातली मुंबई. फरक इतकाच, की रस्त्यावर पायी चालणारा माणूस औषधालाही सापडत नाही. पाच आठवड्यांत सॅन अँटोनिओ झाले, गॅल्व्हेस्टनचा समुद्र झाला, तीन देवळे आणि सहा मॉल झाले. त्यांच्याविषयी लिहावे असे माझ्याजवळ काही नाही. लिहायचे आहे ते स्पेस सेंटर ह्यूस्टन या अंतराळ-संग्रहालयातल्या एका दालनाविषयी, जिथे मी दीड तास रेंगाळलो आणि बरोबरच्या मंडळींचा जेवणाचा बेत बुडवला.

आधी एक खुलासा करणे भाग आहे. माझ्या नोकरीची शेवटची अकरा वर्षे एका बस आगारात चालक-वाहकांच्या ड्युट्या लावण्यात गेली. कोणती गाडी कोणी न्यायची, कोण रजेवर, कोण आजारी, मुक्कामी गाडी कोणाला हवी आणि कोणाला नको, हे सगळे एका मोठ्या कागदावर पेन्सिलने मांडायचे, संध्याकाळपर्यंत तीनदा खोडायचे आणि शेवटी फळ्यावर लावायचे, हे माझे काम होते. त्यामुळे कोण कुठे जाऊन आला यापेक्षा त्याला कोणी पाठवले आणि त्याच्या जागी आधी कोणाचे नाव होते, हे मला नेहमी जास्त जाणून घ्यावेसे वाटते. चांद्रमोहिमांविषयी मी गेली काही वर्षे जे मिळेल ते वाचत आलो, ते या खोडीपायी.

आम्ही घरातून उशिरा निघालो, हा दोष माझा, कारण परदेशातही मला सकाळचे दोन चहा लागतात. उशिरा पोहोचल्यामुळे ट्रॅमच्या रांगेत उन्हात उभे राहावे लागले आणि नियंत्रणकक्षाच्या फेरीवर पाणी सोडावे लागले. ट्रॅमने नेले ते रॉकेट पार्कमध्ये. तिथे एका लांबच लांब इमारतीत सॅटर्न पाच हे रॉकेट आडवे निजवले आहे. लांबी ११० मीटर. आपण पाच इंजिनांच्या बाजूने चालायला लागतो आणि टोकाशी पोहोचेपर्यंत मान दुखते, कारण आडवे असूनही ते डोक्याच्या बरेच वर जाते. ‘मामा, हे अस्सल आहे हं, नमुना नाही,’ जावईबापू अभिमानाने म्हणाले. ते अस्सल आहे हे खरे, पण त्यात एक मेख आहे. या रॉकेटाचा पहिला टप्पा ५१४ क्रमांकाच्या रॉकेटाचा आहे, दुसरा ५१५ चा आणि तिसरा ५१३ चा. १९७० मध्ये पैशांना कात्री लागली, जानेवारीत एक आणि सप्टेंबरात आणखी दोन चांद्रमोहिमा रद्द झाल्या आणि त्यांच्यासाठी बांधलेले टप्पे तसेच पडून राहिले. ५१३ चे खालचे दोन टप्पे १९७३ मध्ये स्कायलॅब घेऊन गेले, बाकीच्यांतले तीन इथे एकमेकांपुढे मांडले गेले. आमच्या भाषेत सांगायचे तर, रद्द झालेल्या तीन फेऱ्यांच्या गाड्या जोडून उभी केलेली ही एक गाडी आहे. लोक तिच्यापुढे फोटो काढत होते. मी मात्र या गाडीवर कोणाची ड्युटी लागली होती, याचाच विचार करत होतो.

ड्युटी लावणाऱ्या माणसाचे नाव डीक स्लेटन. १९५९ मध्ये अमेरिकेने निवडलेल्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी ते एक. पण १९६२ मध्ये हृदयाचे ठोके अनियमित असल्याच्या कारणावरून डॉक्टरांनी त्यांना उड्डाणाची मनाई केली. ज्याला स्वतःला गाडी न्यायची बंदी झाली, त्याच्याच हाती पुढे सगळ्यांच्या ड्युट्यांचा कागद आला. त्यांची रीत साधी होती. प्रत्येक मोहिमेला तिघांचा एक मुख्य चमू आणि तिघांचा एक राखीव चमू असे. जे या मोहिमेला राखीव, ते मधल्या दोन सोडून तिसऱ्या मोहिमेला मुख्य. राखीव माणसाला रिकामा समजण्याचे कारण नाही. १६ जुलै १९६९ च्या सकाळी आर्मस्ट्राँग, कॉलिन्स आणि ऑल्ड्रिन यानापाशी पोहोचले, तेव्हा राखीव चमूतले फ्रेड हेस आत बसून एकेक बटण जागेवर लावून ठेवत होते. गाडी पुसून, हवा तपासून, चावी दुसऱ्याच्या हातात देऊन खाली उतरणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळते. आपल्याकडे १९८४ मध्ये राकेश शर्मा यांच्याबरोबर सगळे प्रशिक्षण पूर्ण करून रवीश मल्होत्रा जमिनीवर राहिले, त्यांचे नाव आज किती जणांना पटकन आठवते?

ट्रॅममधून परतल्यावर, भुकेल्या मंडळींना ‘पाच मिनिटांत येतो’ असे सांगून मी यानांच्या दालनात शिरलो. आत वातानुकूलन इतके कडक, की जूनमध्ये शाल आठवावी. या दालनात अंतराळात प्रत्यक्ष जाऊन आलेली तीन याने आहेत. मर्क्युरी मालिकेतले ‘फेथ ७’, दोघांचे ‘जेमिनी ५’ आणि चांद्रमोहिमांच्या अपोलो मालिकेतल्या ‘अपोलो १७’चे ‘अमेरिका’. येणाजाणाऱ्यांना तिथे यानांची वाढ दिसते: एकाचे, दोघांचे, तिघांचे. मला मात्र पहिल्या दोन यानांपाशीच खोडलेल्या नावांची एक ओळ दिसू लागली आणि पाय हलेनात.

‘फेथ ७’ गॉर्डन कूपर यांचे. मे १९६३ मध्ये त्यांनी चौतीस तासांत पृथ्वीला बावीस प्रदक्षिणा घातल्या. शेवटी यानाची स्वयंचलित यंत्रणा निकामी झाली तेव्हा त्यांनी मनगटी घड्याळ आणि खिडकीतून दिसणारे क्षितिज यांच्या भरवशावर हाताने यान सांभाळून समुद्रात, ठरलेल्या जहाजापासून जवळच, उतरवले. शेजारचे ‘जेमिनी ५’ही त्यांचेच, ऑगस्ट १९६५ मध्ये पीट कॉनरॅड यांच्याबरोबर ते त्या डब्यात आठ दिवस राहिले. दोघांच्या मधली जागा पाहिली आणि आमच्या गाड्यांतल्या दोघांच्या बाकावर तीन जण बसवल्याबद्दल प्रवाशांची बोलणी खाल्ल्याचे आठवले. हेच कूपर अपोलो १० ला राखीव नायक होते. रिवाजाप्रमाणे अपोलो १३ त्यांची, म्हणजे चंद्रावर उतरण्याची पाळी त्यांची. पण त्यांचा सरावातला सैलपणा आणि मोटारशर्यतींचा नाद वरच्यांना खटकत होता. आणि त्याच सुमारास अमेरिकेचे पहिले अंतराळवीर ॲलन शेपर्ड कानाची शस्त्रक्रिया करून, बरीच वर्षे जमिनीवर काढल्यानंतर, उड्डाणास पात्र ठरले. शेपर्ड हे अंतराळवीरांच्या कचेरीचे प्रमुख. स्लेटन यांनी १३ क्रमांकावर शेपर्ड यांचा चमू लिहिला. वरून हुकूम आला की शेपर्ड यांना सरावाला आणखी वेळ हवा, म्हणून १४ वरचा जिम लोव्हेल यांचा चमू १३ वर आणि शेपर्ड १४ वर. कागदावर दोन बाण काढले की झाले. लोव्हेल यांच्या यानातली प्राणवायूची टाकी वाटेत फुटली आणि ते चंद्रावर न उतरता कसेबसे परतले. शेपर्ड फेब्रुवारी १९७१ मध्ये चंद्रावर चालले. कूपर यांनी १९७० मध्येच नोकरी सोडली होती.

कॉनरॅड यांची गोष्ट याहून बारीक आहे. १९६८ मध्ये ते मॅकडिव्हिट यांच्या चमूला राखीव होते आणि नील आर्मस्ट्राँग बोरमन यांच्या चमूला. मॅकडिव्हिट आधी जाणार, बोरमन नंतर. पण मॅकडिव्हिट यांना ज्याची चाचणी घ्यायची होती ते चंद्रावर उतरणारे यान वेळेत तयार होईना, तेव्हा ऑगस्टमध्ये दोन मोहिमांची अदलाबदल ठरली. बोरमन अपोलो ८ घेऊन डिसेंबरात थेट चंद्राभोवती फिरून आले, मॅकडिव्हिट अपोलो ९ वर गेले, आणि त्यांच्याबरोबर दोघांचे राखीव चमूही सरकले. त्यामुळे मधल्या दोन सोडून हिशेब केला तर ११ आर्मस्ट्राँग यांच्या वाट्याला आली आणि १२ कॉनरॅड यांच्या. अदलाबदल झाली नसती आणि पहिले उतरणे तरीही अकराव्यानेच केले असते असे धरले, तर शाळेच्या पुस्तकात आपण कॉनरॅड हे नाव पाठ केले असते. कोणाच्याही कर्तबगारीचा यात काही संबंध नव्हता. एक यंत्र कारखान्यातून उशिरा आले, एवढेच. माइक कॉलिन्स तर मानेच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेमुळे अपोलो ८ वरून उतरले आणि म्हणून ११ वर चढले. उलटेही झाले आहे: डॉन आयझली यांचा खांदा १९६६ च्या सुरुवातीला निखळला, त्यांच्या जागी रॉजर चॅफी यांना घेतले, आणि २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या सरावात यानात आग लागून ग्रिसम आणि व्हाइट यांच्याबरोबर चॅफी गेले. आयझली पुढे अपोलो ७ वर गेले आणि सुखरूप परत आले. एका दुखऱ्या खांद्याने दोन माणसांची आयुष्ये अदलाबदल केली.

मग मी ‘अमेरिका’पाशी आलो. काचेपलीकडे ठेवलेले, परतीच्या आगीत होरपळून तपकिरी झालेले ते शंकूसारखे यान मला वाटले होते त्यापेक्षा बरेच लहान निघाले. आत तीन आसने. डावीकडे नायकाचे, मधले यान सांभाळणाऱ्याचे आणि उजवीकडचे नायकाबरोबर चंद्रावर उतरणाऱ्याचे. सर्नन, इव्हान्स आणि एंगल हे तिघे अपोलो १४ ला राखीव होते, म्हणजे १७ त्यांची. जो एंगल हे एक्स-१५ या रॉकेट-विमानातून १९६५ मध्येच पन्नास मैलांच्या वर जाऊन आलेले वैमानिक होते. पण आता १७ ही शेवटची गाडी होती आणि तोवर चंद्रावर एकही भूगर्भशास्त्रज्ञ गेला नव्हता. हॅरिसन श्मिट हे भूगर्भशास्त्रज्ञ डिक गॉर्डन आणि व्हान्स ब्रँड यांच्याबरोबर अपोलो १५ ला राखीव होते; त्यांची पाळी अपोलो १८ ला आली असती आणि १८ तर रद्द झालेली. शास्त्रज्ञांनी आग्रह धरला की दगड पाहायचे तर दगड वाचता येणारा माणूस पाठवा. १९७१ च्या ऑगस्टमध्ये उजवीकडच्या खुर्चीवरचे नाव बदलले. डिसेंबर १९७२ मध्ये सर्नन यांच्यापाठोपाठ खाली उतरून श्मिट हे चंद्रावर पाऊल ठेवणारे बारावे मनुष्य झाले, आणि क्रिकेटमध्ये ज्याला आपण बारावा गडी म्हणतो तो झाला एंगल.

श्मिट यांनी तिथे नारिंगी माती हेरली, एकशे दहा किलोंच्या आसपास दगडमाती परत आली, आणि निर्णय बरोबर होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्रास झाला तो त्यामुळेच. चुकीच्या निर्णयाला निदान शिव्या तरी देता येतात.

आमच्या आगारात एक चालक होता. त्याच्या गावाशेजारी एक मुक्कामी गाडी जायची आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती पाळीने त्याला यायची होती. दुसऱ्या एका चालकाची बायको त्याच रस्त्यावरच्या गावी बाळंत झाली होती, बाळ नाजूक होते, आणि मी ती ड्युटी त्याला दिली. आजही तीच देईन. पहिला चालक फळ्यापाशी आला, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा वाचले आणि मला विचारले, ‘साहेब, हे शाईनं लिहिलंय का पेन्सिलनं?’ मी म्हटले, पेन्सिलने. ‘मग हरकत नाही,’ असे म्हणून तो डबा घेऊन निघून गेला. त्या दिवशी तो कागद मी पुन्हा खोडला नाही.

एंगल नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘कोलंबिया’ शटलच्या दुसऱ्या उड्डाणाचे नायक होऊन अंतराळात गेले. जुलै २०२४ मध्ये ह्यूस्टनमध्येच वारले. स्लेटन यांना तब्बल दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि जुलै १९७५ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, ते रशियन यानाला जोडल्या जाणाऱ्या शेवटच्या अपोलोतून गेले. १८ रद्द झाल्याने चंद्र हुकलेले ब्रँड त्यांच्याबरोबर होते. १९९३ मध्ये स्लेटन वारले ते याच लीग सिटीत, भाचीचे घर ज्या गावात आहे तिथे.

बाहेर आलो तेव्हा जावईबापूंच्या चेहऱ्यावर सौजन्य होते आणि हातात थंडगार सँडविच. गाडीत मागे भाचीचा दहा वर्षांचा मुलगा माझ्याशेजारी बसला होता. त्याला मी आधी एंगल यांची आणि मग आमच्या चालकाची गोष्ट सांगितली; पहिलीवर तो काही बोलला नाही.

‘मामाआजोबा, मग त्या काकांना पुढच्या दिवाळीला ती गाडी मिळाली?’

‘पुढच्या दिवाळीपर्यंत ती फेरीच बंद झाली होती,’ मी म्हटले.