जुन्या बाजारातील घडीचे चाकू: या हंगामाची नोंद

जुन्या बाजारांतून आणि घरगुती सामानाच्या विक्रीतून घडीचे चाकू शोधण्याच्या माझ्या छंदात या हंगामात खरी प्रगती झाली ती तपासणीच्या क्रमात. आता चाकू हाती येताच मी मूठ न पाहता तो उघडते आणि पात्याच्या बुडाशी, म्हणजे पाते जेथे मुठीत शिरते त्या सपाट भागावर, भिंग धरते. कारखान्याचा ठसा तेथेच असतो. मुठीच्या पट्ट्या बदलता येतात, पाते घासून चकचकीत करता येते. परंतु बुडाचा ठसा, पात्याची झीज आणि कमानीचा (पात्यावर दाब देणाऱ्या पाठीवरच्या पट्टीचा) जोर या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत असतील, तरच तो चाकू कारखान्यातून निघाला तसाच आपल्यापर्यंत आला आहे असे म्हणता येते. देखणेपणापेक्षा ही जुळणी मला अधिक मोलाची वाटते आणि या हंगामातील जवळजवळ सर्व निवड मी याच कसोटीवर केली.

शोधण्याच्या जागांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर काचेखाली मांडून ठेवलेल्या चाकूंपुढे मी फार वेळ घालवत नाही, कारण ते आधीच कोणीतरी पारखलेले आणि बहुधा घासूनपुसून ठेवलेले असतात. स्क्रू, किल्ल्या आणि पाने यांनी भरलेले डबे, मासेमारीच्या साहित्याच्या पेट्या, शिवणकामाचे डबे आणि लेखनसामानाचे खण यांत अजूनही न हाताळलेले चाकू सापडतात. घर रिकामे करणाऱ्यांकडे ‘चाकू आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘हत्यारांचा किंवा मासेमारीचा डबा आहे का’ असे विचारणे अधिक फळते; पुष्कळांच्या लेखी गंजलेला छोटा चाकू ही विकण्याजोगी वस्तूच नसते आणि म्हणून ती मांडलेलीच नसते.

या हंगामातील सर्वांत समाधान देणारी वस्तू अशाच एका डब्याच्या तळाशी मिळाली. तो अमेरिकेतील केस कंपनीचा तीन पात्यांचा, कोरीव हाडाच्या मुठीचा चाकू आहे. या कंपनीचे चाकू नवशिक्या संग्राहकासाठी उत्तम शाळा आहेत, कारण त्यांच्यावर कालक्रम वाचता येतो. ‘केस टेस्टेड एक्सएक्स’ हा ठसा साधारण 1920 ते 1940 या काळातील, नुसता ‘केस एक्सएक्स’ 1940 ते 1964 मधील आणि त्याखाली ‘यू.एस.ए.’ असलेला 1965 ते 1969 मधील. 1970 पासून कंपनीने ठशाखाली दहा ठिपके ठोकले आणि दरवर्षी एक ठिपका कमी केला. 1980 मध्ये अक्षरांचे वळण बदलून हीच मोजणी पुन्हा दहापासून सुरू झाली. आकृतिक्रमांकही बोलका असतो. माझ्या चाकूवर 6318 आहे; त्यातील 6 म्हणजे हाडाची मूठ, 3 म्हणजे तीन पाती आणि 18 म्हणजे नमुना.

मात्र ठिपके मोजणे वाटते तितके सरळ नाही. बुडावर काळपट मळाचा थर घट्ट बसलेला होता आणि त्यातून पाच ठिपके स्पष्ट दिसत होते. गंजाने पडलेले बारीक खड्डेही ठिपक्यांसारखेच भासतात, त्यामुळे मी तेलाचा थेंब सोडून मळ मऊ होऊ दिला आणि लाकडी काडीने तो अलगद काढला. मग भिंगाखाली फरक उघड झाला: ठोकलेल्या ठिपक्याची कड गोल आणि तळ गुळगुळीत असतो, गंजाच्या खड्ड्याची कड वेडीवाकडी असते, आणि खरे ठिपके सारख्या अंतरावर असतात. त्या अंतराच्या हिशेबाने पाहिल्यावर एका टोकाला दोन अतिशय पुसट ठिपके सापडले. एकूण सात, म्हणजे चाकू 1973 चा. तिन्ही पात्यांच्या बुडांचा रंग एकसारखा आहे, त्यामुळे मधले एखादे पाते मागाहून बसवलेले नाही याचीही खात्री पटली.

ठशानंतर माझा हात पात्याच्या चालीकडे वळतो. कमानीवर चालणाऱ्या चाकूला पात्याला अडकवून ठेवणारी कळ नसते. पाठीवरची पोलादी कमानी बुडावर दाब देऊन पाते उघडे किंवा मिटलेले राखते. चांगल्या चाकूचे पाते उघडताना आधी विरोध करते आणि शेवटी खणखणीत आवाज करून जागेवर बसते. बूड चौकोनी असेल, तर अर्ध्या वाटेवरही एक स्पष्ट थांबा जाणवतो. पाते पूर्ण उघडल्यावर आणि पूर्ण मिटल्यावर कमानी मुठीच्या आतील पितळी पत्र्यांच्या कडेशी समपातळीत असावी. पाते आडवे हलत असेल तर खिळा सैल झाला आहे असे समजावे, आणि त्यावर हातोडी चालवून झालेली घट्ट दुरुस्ती बोल्स्टरवरच्या, म्हणजे मुठीच्या टोकाच्या धातूच्या तुकड्यावरच्या, चपट्या डागांतून ओळखता येते. आवाज नसलेल्या, ढिल्या चाकूला मी लगेच बाद करीत नाही, कारण पुष्कळदा सांध्यातील वाळलेला मळच कमानीला अडवत असतो. पण तुटलेल्या किंवा बसलेल्या कमानीचा चाकू सुट्या भागांसाठीच घ्यावा.

पात्याची झीज वाचणे हा मला सर्वांत रस असलेला भाग आहे. वर्षानुवर्षे दगडावर धार लावलेले पाते अरुंद होत जाते आणि बुडाजवळ एक पायरी उरते. नखाची खाच (पाते नखाने उघडण्यासाठीची) धारेच्या फार जवळ आली असेल, तर बरेच पोलाद गेलेले आहे. टोक मोडून नव्याने घडवले असेल, तर मिटल्यावर मुठीच्या खोबणीत पुढे मोकळी जागा राहते. टोकाशी पिवळसर किंवा निळी छटा दिसली, तर ते पाते यंत्राच्या चाकावर तापवले गेले आहे, कारण साध्या कार्बन पोलादावर साधारण 220 अंश सेल्सिअसला फिकट पिवळा आणि 300 अंशांच्या आसपास निळा रंग उमटतो, आणि तितक्या उष्णतेने पात्याचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरते. उलट, सर्वत्र सारखा पसरलेला करडा-काळा रंग हा गंज नसून वापराने आलेला थर आहे. तो पोलादाचे रक्षण करतो, म्हणून त्याला हात लावू नये.

इंग्लंडमधील शेफील्डच्या चाकूंमध्ये यंदा एकच भर पडली, पण ती मनाजोगती. जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्याचा, काळ्या शिंगाच्या मुठीचा, दोन पात्यांचा हा चाकू आहे. बुडावर त्यांचा चांदणी आणि माल्टीज क्रूस हा ठसा आहे आणि वर मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ (व्हिक्टोरिया रेजिना, म्हणजे राणी व्हिक्टोरिया) ही अक्षरे आहेत. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द 1837 ते 1901 अशी असल्याने निदान ठशाचा काळ बांधला जातो. ‘जी आर’ अक्षरे असतील तर अधिक सावध राहावे, कारण जॉर्ज नावाचे राजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही होते आणि विसाव्या शतकातही. अशा वेळी देशाचे नाव मदतीला येते. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव लिहिणे बंधनकारक केले, त्यामुळे ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असलेला ठसा बहुधा त्यानंतरचा असतो. नाव नसणे हा मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे, कारण सगळा माल अमेरिकेला जात नव्हता. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलेला, जर्मनीतील सोलिंगेन शहराचा चाकू 1949 ते 1990 या काळातलाच, आणि बुडावर ‘स्टेनलेस’ असेल तर तो हॅरी ब्रेअर्ली यांच्या 1913 मधील शेफील्डच्या स्टेनलेस पोलादाच्या प्रयोगांआधीचा असू शकत नाही, मग विक्रेता काहीही सांगो.

फ्रान्सचा ओपिनेल हा लाकडी मुठीचा साधा चाकू जुन्या बाजारात वारंवार भेटतो. पाते उघडे राखणारी फिरती कडी त्याला 1955 मध्ये जोडली गेली, म्हणून कडी नसलेला चाकू त्याआधीचा असे सर्रास सांगितले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. दोन ते पाच क्रमांकांच्या लहान चाकूंना आजही ही कडी नसते, तेव्हा आधी आकाराचा क्रमांक पाहावा आणि मगच काळाबद्दल बोलावे. मला मिळालेला आठ क्रमांकाचा, कडी नसलेला चाकू मुठीजवळ अंगठ्याच्या जागी स्पष्ट झिजलेला आहे आणि पात्यावरचा मुकुटधारी हात पुसट असला तरी तिरप्या उजेडात नीट दिसतो. खरेदी करताना छोटी विजेरी अगदी आडवी धरावी. समोरून पडणाऱ्या उजेडात न दिसणारा ठसा तिरप्या उजेडात उठून येतो.

स्विस सैनिकी चाकूंनी या वेळी कालनिश्चितीचे काम सोपे केले. कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये इबाख येथे कार्यशाळा काढली आणि 1891 मध्ये सैन्याला पहिले चाकू पुरवले, पण बाजारात प्रत्यक्ष भेटतो तो 1961 चा ॲल्युमिनियमच्या खडबडीत मुठीचा नमुना. सैन्यासाठी केलेल्या चाकूच्या मोठ्या पात्याच्या बुडावर वर्षाचे दोन अंक असतात, त्यामुळे तर्क करावाच लागत नाही. नागरी लाल चाकूंवर तशी सोय नाही. तेथे ठशातील अक्षरे, हत्यारांची रचना आणि मुठीचे साहित्य असे सगळे एकत्र पाहावे लागते, आणि त्याचा अभ्यास मी नुकताच सुरू केला आहे.

मुठीच्या साहित्याबद्दल एक धोका सर्वांनी लक्षात ठेवावा, आणि तो म्हणजे सेल्युलॉइड. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिंपला, कासवाची पाठ किंवा रंगीत लाटांसारखी दिसणारी सुंदर मूठ या पदार्थापासून बनवली जात असे. तो नायट्रेटयुक्त असल्याने काळाच्या ओघात विघटित होतो, त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड हवेतील दमटपणाशी मिळून आम्ल बनवतात, आणि ते आम्ल त्या चाकूचीच नव्हे तर शेजारच्या चाकूंचीही पाती खाते. मूठ आक्रसून बोल्स्टरपाशी फट पडणे, बारीक चिरा, कापरासारखा किंवा उग्र वास, आणि फक्त मुठीलगतच्या भागात दिसणारा ताजा गंज ही त्याची लक्षणे. यंदा मिळालेला मोतिया रंगाचा एक चाकू मी याच कारणाने बंद डब्यात न ठेवता, इतरांपासून दूर, हवेशीर जागी ठेवला आहे. मुठीचे साहित्य ओळखण्यासाठी तापलेली सुई टोचण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपया मानू नये, कारण सेल्युलॉइड क्षणात पेट घेते. हाड ओळखायला भिंग पुरेसे आहे: हाडात रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म काळ्या रेघा आणि ठिपके दिसतात, तर डेलरिन या प्लॅस्टिकमध्ये पोत एकसारखा असतो आणि कोरीव काम साच्यातून काढल्यासारखे दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे असते. हे प्लॅस्टिक 1960 मध्ये बाजारात आले, म्हणून तशी मूळ मूठ असलेला चाकू त्याहून जुना असणार नाही. हस्तिदंताच्या बाबतीत तर खरेदीपूर्वी कायदा पाहावा. त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, आणि मी तशा वस्तू घेत नाही.

साफसफाईचा माझा क्रम जाणूनबुजून संथ आहे. आधी सांध्यात हलके खनिज तेल सोडून चाकू उभा ठेवते, मग पाते हळूहळू उघडते. अडकलेले पाते पक्कडीने ओढल्यास नखाच्या खाचेशी कायमचे ओरखडे पडतात. लाल गंजावर तेल आणि अतिसूक्ष्म स्टील वूल वापरते, तेही ठशापासून दूर. चाकाचे यंत्र मी मुळीच वापरत नाही, कारण त्याने कडा गोल होतात, ठसा उथळ होतो आणि एकदा गेलेले पोलाद कोणी परत आणू शकत नाही. साठवताना चामड्याचे म्यान टाळावे. कातडे कमावण्याच्या रसायनांनी पितळावर हिरवा थर चढतो आणि पात्यावर खड्डे पडतात.

काही चाकू मी हाती धरून परत ठेवले, आणि त्यांचीही नोंद करणे योग्य वाटते. त्यांपैकी एकावर प्रसिद्ध कारखान्याचा खोल, धारदार ठसा होता. परंतु त्याच्या भोवतीचे पोलाद दबलेले आणि झिजलेले असताना अक्षरांच्या कडा मात्र नव्या होत्या, म्हणजे ठसा चाकूपेक्षा तरुण होता. दुसऱ्याच्या मुठीचे खिळे चमकत्या पितळेचे आणि फुगीर होते, तर बोल्स्टरवर जुने ओरखडे होते; पट्ट्या बदललेल्या आहेत हे विक्रेत्याने नंतर मान्यही केले. बदललेली मूठ म्हणजे फसवणूक नव्हे, मात्र ती मूळ म्हणून विकली जाऊ नये इतकीच माझी अपेक्षा आहे.

सध्या माझ्या टेबलावर त्या 1973 च्या चाकूचे सर्वांत लहान पाते तेलात भिजत आहे, कारण त्याच्या सांध्यातील मळ अजून पूर्ण निघालेला नाही आणि अर्ध्या वाटेवरचा थांबा अस्पष्ट आहे. पुढच्या फेऱ्यांत मला 1965 ते 1969 मधील ‘यू.एस.ए.’ ठशाचा आणि ठिपके नसलेला त्याच नमुन्याचा चाकू शोधायचा आहे, म्हणजे हाडाचा रंग आणि कोरीव कामाची खोली या दोन काळांत कशी बदलली हे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येईल. कोणाकडे असा जोड असेल, तर त्याच्या बुडाचे छायाचित्र तिरप्या उजेडात काढून ठेवावे.