मागे उभा असलेला भालाईत
आज 'मिडल-अर्थ स्ट्रॅटेजी बॅटल गेम' हा टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या जगावर बेतलेला, छोट्या पुतळ्यांनी टेबलावर खेळायचा युद्धखेळ खेळताना एका नियमावर आमची बराच वेळ चर्चा झाली. नायकाने एक 'माइट' गुण (नायकाकडचे मोजके खास गुण) खर्चून 'हिरोइक कॉम्बॅट' ही खास कृती जाहीर केली आणि त्या झुंजीतले सर्व शत्रू मारले गेले, तर तो आणि त्याच झुंजीतले त्याचे सोबती पुन्हा चाल करून दुसऱ्या झुंजीत उतरू शकतात. मग पुढच्या सोबत्याच्या मागे उभा राहून भाल्याने आधार देणारा गोंडोरचा (त्या जगातल्या एका राज्याचा) भालाईत या सोबत्यांत धरायचा का? तो झुंजीत आपल्या बाजूला एक फासा पुरवतो, हे खरे. पण त्याचा बेस (पुतळ्याखालची चकती) शत्रूच्या बेसला टेकलेला नसतो आणि झुंज हरली तरी त्याच्यावर घाव होत नाहीत. ज्याने जोखीमच पत्करली नाही, त्याला वाढीव चाल देणे मला नियमाच्या हेतूशी विसंगत वाटते. समोरच्या मित्रालाही हे पटले, आणि यापुढे असे मुद्दे डाव मांडण्यापूर्वीच ठरवून घ्यायचे, असे आम्ही ठरवले.