हसेरोथचा मुक्काम

गिट्टीखदानहून पहाटे निघालो तेव्हा आभाळ नुसतं भरून आलं होतं. फेटरीच्या अलीकडे पावसानं धरलं. काटोल रोडच्या दोन्ही बाजूंची वावरं काळीभोर झाली, पराटीची बोटभर रोपं पाण्यात डोलायला लागली आणि आमची साठ-पासष्ट माणसांची दिंडी तशीच टाळ वाजवत चालत राहिली. पुढे पताका, मग टाळकरी, मधे वीणेकरी बाबा, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. त्या बायांच्याही मागे मी.

मी ख्रिस्ती आहे, आमच्या घरातली चौथी पिढी. शेजारच्या काकू दरवर्षी आषाढी पौर्णिमेला धापेवाड्याला पायी जातात. तिथल्या चंद्रभागेच्या काठचं विठ्ठल-रखुमाईचं देऊळ म्हणजे विदर्भाचं पंढरपूर. एकादशी आटोपली की पंढरीचा विठोबा पौर्णिमेला इथं येतो, अशी इकडच्या लोकांची श्रद्धा. यंदा माझं मन कशातच लागत नव्हतं, ते काकूंच्या नजरेतून सुटलं नाही. म्हणाल्या, "चला न मॅडम आमच्यासंगं. चालाले का लागते? पाय तं आहेत न तुमाले." मी त्यांना आधीच सांगून टाकलं की सोबत चालीन, पण गाभाऱ्यात येणार नाही. "नका येऊ. बाहेर आमच्या चपला राखजा," त्या म्हणाल्या. विषय तिथंच संपला.

टाळ-मृदंग मला परका नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि भजनात आणली, तेव्हापासून मराठी ख्रिस्ती घरांत टाळ आहेच. याच नागपुरातून राजनांदगावला जाताना आगगाडीत १८९३ साली टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार आला होता. आणि पायी चालत देवाच्या घरी जाणं तर आमच्या शास्त्रातही, म्हणजे बायबलातही, आहे. स्तोत्र १२० ते १३४, ही पंधरा आरोहण-स्तोत्रं यरुशलेमेची वाट चढताना म्हणायची, अशी परंपरा सांगतात. त्यातल्या १३३व्यात बंधूंनी एकत्र राहण्याचं सुख गायलंय आणि त्या सुखाला उपमा दिलीय अहरोनाच्या दाढीवरून ओघळणाऱ्या तेलाची. हाच अहरोन एकदा आपल्या भावाविरुद्ध, मोशेविरुद्ध, उभा राहिला होता. त्याच प्रकरणानं मला त्या वाटेवर आणलं होतं.

माझी ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई नर्स होती, रात्रपाळ्या असायच्या, त्यामुळे मला वाढवलं ताईनंच. शब्बाथ शाळेत तीच बोट धरून न्यायची. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या महिला मंडळाचं काम तिनं अकरा वर्षं सांभाळलं. तीन वर्षांपूर्वी बायांनी मला अध्यक्ष केलं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग बोलणं सुरू झालं. "शिकलेली आहे, बोलता येतं, म्हणून पुढे केली." "प्रार्थना काय हिलाच येते?" हे सगळं मला दुसऱ्यांच्या तोंडून कळायचं. ताई समोर काही बोलायची नाही, फक्त मी उठून बोलायला लागले की गीतांचं पुस्तक चाळत बसायची.

मी कधी उत्तर दिलं नाही. लोक म्हणायचे, बाई किती नम्र आहे. ते ऐकायला मला आवडायचं, हे आज लिहून टाकते.

फेब्रुवारीतल्या सभेत संदेश माझ्याकडे होता. मी बायबलातल्या गणना या पुस्तकाचा बारावा अध्याय निवडला. मोशे हा इस्राएल लोकांचा पुढारी; त्याचीच भावंडं, मिर्याम आणि अहरोन, त्याच्याविरुद्ध बोलू लागतात. निमित्त त्याच्या कूशी बायकोचं, पण खरं दुखणं पुढच्याच वचनात आहे: परमेश्वर काय केवळ मोशेशीच बोललाय, आमच्याशीही नाही का बोलला? मग देव तिघांनाही दर्शनमंडपापाशी, म्हणजे त्याच्या भेटीच्या तंबूपाशी, बोलावतो, मेघातून उतरून बोलतो, आणि तो मेघ वर जातो तेव्हा मिर्याम कोडानं बर्फासारखी पांढरी झालेली असते. मी तिथं थांबले. पुस्तक मिटलं. प्रार्थना केली. ताई तिसऱ्या बाकावर बसली होती. त्या दिवसापासून ती सभेला आली नाही. पाच महिने झाले.

पावसात चालताना हेच डोक्यात फिरत होतं.

चहाला थांबलो तिथं एक प्रसंग झाला. वीणेकरी बाबा सत्तरी ओलांडलेले, कोरडवाहू शेतकरी. बोलणं कमी. दिंडीतला एक तरुण त्यांच्यावर सगळ्यांसमोर घसरला. "बाबा, तुमच्या चालीनं पौर्णिमा मुक्कामावरच निघून जाईन. जमत नसन तं सोडा वीणा आता." माणसं गप्प झाली. कोणी बशीत बघू लागलं, कोणी पावसाकडे. बाबा म्हणाले, "खरं आहे बापा. पाय नाही उचलत आता." एवढंच. थोड्या वेळानं त्यांना आडोशाला जायचं होतं. वीणा खाली ठेवायची नाही, ही रीत. कोणाच्या तरी गळ्यात द्यावीच लागते. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ती त्याच पोराच्या गळ्यात घातली. मग रीतीप्रमाणे वाकले. पोरगाही वाकला. त्याला वाकावंच लागलं.

यात बाबांनी काही मोठेपणा दाखवला, असं मला म्हणायचं नाही. कदाचित तो पोरगा जवळ उभा होता, इतकंच. पण मी बराच वेळ त्या रीतीचा विचार करत चालले. मन तयार होईपर्यंत ती थांबत नाही. राग असो, मान दुखावलेला असो, आधी कंबर वाकते. माझी नम्रता सगळी तोंडात होती, कमरेपर्यंत कधी आलीच नव्हती.

कळमेश्वर तीन-चार किलोमीटर राहिलं असेल तेव्हा माझ्या टाचेचा फोड फुटला. ओल्या बुटात पाय घासत होता. मी मागे पडत गेले. काकूंना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी हळूहळू येते, नाहीतर ऑटो करते. काकूंनी पुढे निरोप दिला आणि पाहता पाहता टाळ थांबले. बाबा रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभे राहिले. कोणीतरी कुरकुर केली असणार, कारण बाबांचा आवाज मागपर्यंत ऐकू आला: "बाईच्या पायाले फोड आला, दिंडी पुढं कशी जाईन? इठ्ठल कुठी पळून चालला का?" पावसात उभ्यानंच भजन सुरू झालं. एका मुलीनं हळद आणि खोबरेल तेल लावून माझी टाच सुती फडक्यानं बांधली. बूट काढून मी काकूंची जादा चप्पल घातली. वीस मिनिटं तरी गेली असतील. उशीर झाल्याबद्दल भांडलेला तो पोरगाही मृदंगाला हातावर ताल देत उभा होता.

रात्री कळमेश्वरात एका शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम होता. झुणका-भाकर, कांदा, वर मिरचीचा ठेचा. सगळे झोपल्यावर मी मोबाईलवर गणना बारा उघडलं आणि फेब्रुवारीत जिथं थांबले होते त्याच्या पुढे वाचायला लागले.

तेरावं वचन: मोशे परमेश्वराला हाक मारतो, देवा, हिला बरी कर. मूळ हिब्रूत ही प्रार्थना पाच शब्दांची आहे. एल ना रफा ना ला. त्यात 'मी क्षमा केली' नाही, 'चूक हिचीच होती, तरीही' नाही. आधीच्या वचनांतही एक गोष्ट आहे, जी मी कितीदा वाचूनही पाहिली नव्हती. त्यांचं बोलणं परमेश्वरानं ऐकलं, असं तिथं म्हटलंय. मोशेनं ऐकलं की नाही, ऐकून त्याला काय वाटलं, याबद्दल एक अक्षर नाही. लगेच येतं ते हे, की पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांत तो अधिक नम्र होता. माझ्या बाबतीत तर प्रत्येक ऐकीव शब्द कोणत्या तारखेचा, हेही मला पाठ होतं.

आणि पंधरावं वचन. मिर्यामला सात दिवस छावणीबाहेर ठेवलं, आणि तिला परत आत आणीपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही. हसेरोथला, रानातल्या त्या मुक्कामावर, अख्खं इस्राएल सात दिवस थांबलं. लेकरंबाळं, शेरडंमेंढरं, तंबू, सगळं. देवानं वचन दिलेल्या देशाकडे निघालेली माणसं होती ती, घाई त्यांनाही असणार. ज्या बाईनं पुढाऱ्याला नावं ठेवली, तिच्यासाठी सगळी वाट थांबली. मी पाच महिन्यांत चार सभा घेतल्या, नाताळच्या कार्यक्रमाची समिती नेमली, आणि ताईच्या घरावरून रोज भाजीला जात होते.

मग आठवलं की ही मिर्याम कोण. तान्ह्या मोशेला वाचवायला पेटीत घालून नाईलच्या लव्हाळ्यात ठेवलं तेव्हा दूर उभी राहून पहारा देणारी बहीण ती हीच, असं मानलं जातं. तांबडा समुद्र पार झाल्यावर डफ घेऊन बायांना नाचवणारीही हीच. तिचा मत्सर चूकच होता. पण तो उपऱ्या माणसाचा मत्सर नव्हता. जिनं पेटी राखली, तिला पुढे कोणी विचारेनासं झालं होतं.

पुढे कादेशला मिर्याम मरते, गणना वीसच्या पहिल्याच वचनात. लगेच पाणी संपतं, लोक भांडतात, आणि इतका सोसणारा मोशे तिथं भडकतो, लोकांना बंडखोर म्हणतो, खडकावर दोनदा काठी मारतो. त्या एका दिवसापायी त्याला वचनदत्त देशात पाऊल टाकता आलं नाही. बहिणीच्या मरणाचा आणि त्या रागाचा संबंध शास्त्र जोडत नाही. त्या व्हरांड्यात, टाच ठणकत असताना, मी जोडला.

हेही कबूल करायला हवं की ताईचं सगळं बोलणं मत्सराचं नव्हतं. मंडळाचा हिशेब तिच्या काळात दर महिन्याला मोठ्यानं वाचला जायचा. मी तो नुसता वहीत लिहून सही करायला लागले. जुन्या बायांना विचारणंही बंद केलं होतं. निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला तोंडावर सांगतो की तू करतोस ते बरं नाही, एकट्यानं सगळं ओढू नकोस. मोशे मुकाट्यानं ऐकतो आणि तसंच करतो. सासऱ्याचं ऐकणं मला सोपं गेलं असतं. मत्सर मिसळलेल्या बोलण्यातून खरा भाग वेगळा काढणं फार कठीण आहे. गव्हातले खडे निवडायला बसावं लागतं, आणि मी सूपच फेकून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. संत्र्याच्या बागांमधून वाट गेली. दुपारपर्यंत धापेवाड्यात पोचलो. कुठून कुठून पालख्या येत होत्या, नदीकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. ठरल्याप्रमाणे मी देवळाबाहेर एका ओट्यावर बसले. काकूंनी चपला आणून ठेवल्या. त्यांचं पाहून दिंडीतल्या बाकीच्या बायांनी, मग बाबांनीही. पाहता पाहता पन्नासेक जोड जमले. त्यांच्यामधे बसल्यावर मला स्तोत्र ८४ आठवलं. दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा देवाच्या घराच्या उंबरठ्यावर उभं राहणं बरं, असं त्यात आहे. ते कोरहाच्या पुत्रांचं स्तोत्र. कोरह म्हणजे अडीचशे सरदारांना घेऊन मोशेवर उठलेला माणूस. त्याला भूमीनं गिळलं, पण त्याची मुलं मेली नाहीत, हे गणना सव्वीसमध्ये एका ओळीत नोंदलंय. त्यांचेच वंशज पुढे मंदिराचे द्वारपाळ झाले.

मी फोन काढला आणि ताईला लावला. चौथ्या घंटीला तिनं उचलला. माझ्या तोंडून नमस्कार, सलाम काहीच निघालं नाही. म्हटलं, "ताई, फेब्रुवारीत मी तो अध्याय अर्धाच वाचला."

बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू आला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी येऊन मी पुढचा वाचला."

मी काही बोलणार तेवढ्यात तुळस उतरवून आलेली एक म्हातारी समोर उभी राहिली आणि चपला मागू लागली. माझ्या एका हातात फोन, ढिगात तिचा जोड सापडेना. पलीकडून ताईनं विचारलं, कसला गोंधळ आहे. मी सांगितलं, एक आजी चपला मागताहेत.

"मग दे ना त्यांना आधी," ताई म्हणाली. "मी थांबते."