पोटोमॅकच्या काठी उतलेला बिब्बा

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी धाकट्या बहिणीबरोबर आणि तिच्या नऊ वर्षांच्या मुलाबरोबर मी एका फळाच्या शोधात निघाले. बहीण मेरीलँडमध्ये राहते. मी दीड महिन्यासाठी तिच्याकडे गेले होते आणि तिने फोनवर आधीच लालूच दाखवली होती, "ताई, इथे रानात सीताफळाचा भाऊबंद मिळतो." हे फळ म्हणजे पॉपॉ. काही देशांत पपईलाच पॉपॉ म्हणतात, पण हे वेगळं. अमेरिकेच्या पूर्व भागात नद्यांच्या काठी, मोठ्या झाडांच्या सावलीत ते आपसूक वाढतं आणि ते खरोखरच सीताफळाच्या कुळातलं आहे.

आम्ही निवडलेली वाट पोटोमॅक नदीला लागून जाणाऱ्या चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठची, स्वेन्स लॉकपासून पेनीफील्ड लॉकपर्यंतची, जेमतेम तीन मैलांची. पूर्ण कालवा 184.5 मैलांचा आहे. 1828 मध्ये काम सुरू झालं, 1850 मध्ये तो कंबरलंडपर्यंत पोचला आणि 1924 च्या पुरानंतर कायमचा बंद पडला. खेचरं काठाकाठाने चालत कोळशाच्या नावा ओढायची. त्यांची ती मातीची वाट म्हणजे आजची टोपाथ. पुढे तिथे मोटाररस्ता करायचा घाट घातला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस 1954 मध्ये ही अख्खी वाट चालले आणि लोकांचं लक्ष तिच्याकडे वळलं. एका माणसाच्या चालण्याने एवढं वाचलं, याचं मला त्या सावलीत फार अप्रूप वाटत होतं.

भाच्याने गाडीतून उतरतानाच मला धडा दिला होता. "मावशी, लीव्हज ऑफ थ्री, लेट इट बी." तीन पानांचं दिसलं की लांब राहायचं. तीन पानं म्हटल्यावर मला पळस आठवला. भाचा सांगत होता ती पॉयझन आयव्ही, चीक अंगाला लागला की फोड उठवणारा तिथला रानवेल. तिच्याही एका देठावर तीन पर्णिका असतात. मधली थोड्या लांब दांड्यावर, बाजूच्या दोन देठाला चिकटून. कडा कधी दातेरी, कधी सरळ. टोपाथच्या दोन्ही कडांना ती इतकी होती की पाच मिनिटांत मला लांबूनही ओळखता यायला लागली. तिच्यातच पाच पर्णिकांची व्हर्जिनिया क्रीपर मिसळलेली असते. माझी नजर जमिनीवर होती आणि चूक तिथेच झाली.

पॉपॉ सापडलं ते एका उताराच्या खाली. मऊ, पिवळट हिरवं, गळून पडलेलं. ते उचलायला वाकले आणि तोल सावरायला डावा हात कोपरापर्यंत एका जाड बुंध्यावर टेकला. त्या बुंध्यावर मनगटाएवढा वेल चढलेला होता, तपकिरी केसांनी भरलेला, काथ्याच्या दोरासारखा. पानं होती, पण वीस-पंचवीस फुटांवर, झाडाच्या पानांत मिसळलेली. हे केस म्हणजे आयव्हीची झाडाला धरून राहणारी मुळं. पानं नसली तरी, अगदी हिवाळ्यातही, या वेलाचा चीक तितकाच बाधतो. तिथले लोक मुलांना केसाळ दोराबद्दलही एक यमक शिकवतात, ते मला नंतर कळलं.

फळ मात्र अप्रतिम. आतला गर पिवळाधमक, केळं आणि सीताफळ एकत्र कालवल्यासारखा, त्यात चपट्या मोठ्या काळपट बिया. कालव्याच्या कठड्यावर बसून तिघांनी एकच फळ वाटून खाल्लं. पाण्यात एका ओंडक्यावर ओळीने कासवं ऊन खात होती.

घरी आल्यावर सवयीने आधी हातापायांना खोबरेल तेल चोळलं आणि बऱ्याच उशिराने आंघोळ केली. सोमवारी सकाळी डाव्या हातावर लाल रेघा उमटल्या, कुणीतरी काडीने ओढल्यासारख्या सरळ. संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर पाण्याचे फोड आले. खाज अशी की रात्री दोनला उठून हात थंड पाण्याच्या नळाखाली धरून उभी राहिले.

आणि ते फोड मी ओळखले. आमचं घर वेंगुर्ल्याकडचं. ओले काजूगर काढताना आजी आधी हातांना तेल लावायची, तरी हंगामाच्या शेवटी तिच्या बोटांची कातडी काळी पडून सोलायची. आंब्याच्या देठाचा चीक लागून ओठांच्या कडेला उठलेला फोड तर प्रत्येक उन्हाळ्यात असायचाच. लहानपणी माझ्या मांडीवर बिब्बा उतला होता, तोही असाच. आईला फोनवर फोटो पाठवला तर ती लगेच म्हणाली, "अगं, हा बिब्बाच." तिने वेल पाहिलेला नव्हता, पण तिचं बरोबर होतं. आंबा, काजू, बिब्बा आणि पॉयझन आयव्ही, सगळी आम्रकुलातली. आयव्हीच्या चिकातल्या तेलाला उरुशिऑल म्हणतात. हे नाव जपानी उरुशी म्हणजे लाखेसारख्या रोगणावरून आलं, कारण ते रोगण ज्या झाडाचं, तेही याच वंशातलं. काजूच्या टरफलातलं आणि बिब्ब्यातलं तेल त्याच्या जवळचं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या सैनिकांच्या मानेवर चट्टे उठायचे. धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करत, त्या खुणेचा तो परिणाम होता.

म्हणूनच मला इतक्या लवकर उठलं, असं मला वाटतं. पहिल्यांदाच संपर्क आला तर बऱ्याच जणांना आठवडा-दोन आठवडे काहीच दिसत नाही. शरीराला त्या तेलाची आधीच ओळख असेल तर साधारण 12 ते 48 तासांत उठतं. माझ्या कातडीला ही ओळख वेंगुर्ल्यातच झालेली होती.

आंघोळीआधी तेल चोळायला नको होतं. काजू सोलण्यापूर्वी लावलेलं तेल आडोसा करतं, पण चीक लागल्यावर चोळलेलं तेल तो चीकच पसरवतं. खरं काम साबणाचं. लागल्यापासून पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत कोमट किंवा गार पाण्याने, भांड्यांच्या साबणाने, फडक्याने घासून आणि नखांखालूनही धुवायला हवं. कालव्याच्या काठी आमच्याकडे पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. तिथेच हात धुतला असता तर पुढचे तीन आठवडे बरेच सुसह्य झाले असते.

चौथ्या दिवशी पापणी सुजली. जवळच्या एका अर्जंट केअर दवाखान्यात गेले, तिथे सहा दिवसांचा स्टेरॉइडचा कोर्स मिळाला. दोन दिवसांत हायसं वाटलं आणि गोळ्या संपल्यावर तेच फोड दुप्पट जोराने परत आले. याचा मला आजही राग येतो, कारण हे टाळता येतं. दुसऱ्या डॉक्टरांनी नीट समजावलं. ही प्रतिक्रिया दोन-तीन आठवडे चालते, म्हणून तोंडावर किंवा अंगभर उठलं असेल तर गोळ्याही हळूहळू कमी करत तेवढेच दिवस द्याव्या लागतात. थोडंच असेल तर गार पाण्याच्या घड्या, कॅलामाइन, एक टक्क्याचं हायड्रोकॉर्टिझोन मलम आणि बारीक दळलेल्या ओट्सच्या पाण्यात बसणं पुरतं. ओट्सच्या पाण्याने मला सगळ्यांत जास्त आराम पडला. ताप, पू किंवा श्वासाला त्रास असेल तर घरी थांबायचंच नाही.

दहाव्या दिवशी उजव्या हाताच्या बोटांवर नवे फोड आले तेव्हा बहीण घाबरली. फोडातलं पाणी पसरतंय, मुलाला लागेल, म्हणून ती त्याला माझ्याजवळ येऊ देईना. फोडातल्या पाण्यात ते तेल नसतंच, त्यामुळे ते पसरतही नाही आणि दुसऱ्याला लागतही नाही. डॉक्टरांनी विचारलं, "त्या दिवशीचे बूट कुठे आहेत?" दाराशीच होते. आदल्या दिवशी मी तेच घालून दुकानात गेले होते, नाड्या बांधून. न धुतलेल्या वस्तूवर हे तेल महिनोन् महिने टिकतं. मग प्लॅस्टिकचे हातमोजे घालून नाड्या, बूट, सॅकचा पट्टा, भाच्याची काठी, सगळं साबणाने धुतलं आणि त्या दिवशीचे कपडे गरम पाण्यात वेगळे.

शेजारच्या काकांनी कुंपणावरचा वेल उपटून पाचोळ्याबरोबर जाळायचं ठरवलं होतं. बहीण धावत जाऊन त्यांना थांबवून आली. धुरातून ते तेल फुफ्फुसात जातं, आणि तिथे उठलेल्या बिब्ब्याची मला कल्पनाही करवत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर परत निघण्याआधी आम्ही तीच वाट पुन्हा चाललो. या वेळी विजारी मोज्यांत खोचलेल्या, सॅकमध्ये पाणी, साबण आणि फडकं. आयव्ही लालभडक झाली होती आणि तिच्या पांढुरक्या फळांवर पक्षी तुटून पडले होते. त्यांना तिचा काहीच त्रास नाही. भाचा एका तीन पानांच्या रोपापाशी बसला, हात पाठीमागे बांधून. बराच वेळ बघून म्हणाला, "मावशी, याची पानं समोरासमोर आहेत. आयव्हीची एकाआड एक असतात. हा बॉक्सएल्डर." मग तो पुढे पळाला आणि वळणावरच्या एका बुंध्यापाशी थबकून ओरडला, "मावशी, केसाळ!" आम्ही दोघी त्या झाडाला लांबून वळसा घालून गेलो.